गाव आदिवासींचं, कारभारी बाहेरचा

छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे निघालं की कन्नडनंतर घाट लागतो. पावसाळ्यात दरड आली की तो बंद पडतो आणि मालट्रकच्या रांगा लागतात. ड्रायव्हर टपरीवर चहा घेत रात्र काढतात. ऑगस्ट 2021 च्या शेवटी अशीच मोठी दरड कोसळली, तेव्हा हा घाट राज्यभर बातम्यांत झळकला. त्याचं नाव औट्रम घाट. शेजारच्या अभयारण्याचंही सरकारी दप्तरातलं नाव गौताळा औट्रमघाट. रोज हजारो लोक हे नाव उच्चारतात, पण हा औट्रम कोण, असं विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. 1825 मध्ये, जेमतेम बाविशीत असताना, त्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी करायला घेतली. सातमाळा आणि सातपुड्यातले भिल्ल नायक कंपनीला जुमानत नव्हते. निव्वळ बंदुकीने हे मिटणार नाही, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने ओळखलं आणि त्याच वर्षी खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचं ठाणं होतं कन्नडला. भिल्लांना जमिनीवर बसवायचं, नांगर-बैलांसाठी तगाई द्यायची, किरकोळ तंटे तोडायचे, कोण कुठे जातो-येतो याची नोंद ठेवायची, ही एजंटची कामं. थोडक्यात, भिल्लांचा सगळा कारभार एजंट पाहणार आणि त्या एजंटला नेमणार मुंबई.

त्याआधी हा कारभार नायकाकडे होता. घाट त्याच्या ताब्यात, वाटेचं राखणं त्याचं, जमातीतले तंटे त्याच्यापुढे. इंग्रजांनी नायकपद मोडलं नाही. त्यांनी नायकाला पगार सुरू केला. वरून पाहता मान तोच राहिला, पण नायकाची नजर आपल्या लोकांवरून हलून पगार देणाऱ्याकडे वळली. खाज्या नायकाचं उदाहरण बोलकं आहे. सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. कंपनीने त्याला शिक्षा करून काढून टाकलं, 1857 मध्ये गरज पडली तेव्हा परत बोलावलं, आणि त्याच वर्षी तो उठला. भीमा नायक सोबतीला आला. एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला त्यांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. ज्याला नेमता येतं त्याला काढता येतं, हे त्या माणसाने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं.

दोनशे वर्षं झाली. कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या डोंगरकडेच्या भिल्ल वस्त्यांचा कारभारी आज कोण? कागदावरचं उत्तर असं: छत्रपती संभाजीनगरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तिथे प्रकल्प अधिकारी बसतात. त्यांच्या वर अमरावतीचे अपर आयुक्त, त्यांच्या वर नाशिकचे आदिवासी विकास आयुक्त आणि सगळ्यांच्या वर मुंबईतलं मंत्रालय. सोयगावच्या वस्तीतल्या मुलाच्या आश्रमशाळेचा प्रश्न या पायऱ्या चढून वर जातो आणि याच पायऱ्या उतरून खाली येतो. या साखळीतला एकही माणूस त्या वस्तीने निवडलेला नाही. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. मनापासून राबणारे प्रकल्प अधिकारी महाराष्ट्राने पाहिलेले आहेत. पण त्यांची बदली होते आणि त्यांच्याबरोबर कामाची उमेदही निघून जाते.

संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी क्षेत्रासाठी वेगळी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात अशी अनुसूचित क्षेत्रं तेरा जिल्ह्यांत आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं आलं ते फक्त नांदेड जिल्ह्यातलं किनवटकडचं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं एकही गाव त्यात नाही. भिल्ल एजन्सीचं ठाणं जिथे होतं ते कन्नडही नाही. किनवट 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि त्या जिल्ह्याकडे निजामाचं लक्ष गेलं ते जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध उठलेल्या कुमराम भीममुळे. 1940 मध्ये जोडेघाटला पोलिसांनी त्याला मारलं. मग निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला धाडलं आणि 1946 मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी वेगळा कायदा आणला. त्यात आदिवासी पंचायतींची तरतूद होती. शेवटचा शब्द मात्र सरकारी अधिकाऱ्याचाच राहिला. किनवटच्या गोंड, कोलाम, आंध लोकांना आज जे थोडंफार वेगळं संरक्षण आहे, ते असं एका बंडाच्या पाठोपाठ आलेलं आहे. कन्नडच्या वाट्याला असा कायदाही आला नाही.

मग पेसा आला. 24 डिसेंबर 1996 पासून लागू झालेल्या या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला खरोखर मोठे अधिकार दिले. गौण वनोपजाची मालकी, दारूबंदी, सावकारीवर नियंत्रण, जमीन बळकावली गेली तर परत मिळवणं, योजनांचे लाभार्थी ठरवणं. महाराष्ट्राने नियम करायला मार्च 2014 उजाडू दिला. पुढे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना द्यायचं ठरलं, ही चांगली गोष्ट झाली. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची सोयही कायद्यात आहे.

पण ग्रामसभेने ठराव केला की तो अमलात कोण आणणार? ठराव लिहिणार ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तो सरकारचा नोकर. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सरपंचाच्या सहीइतकीच त्याचीही सही लागते. कामाचं अंदाजपत्रक तयार करणारा अभियंता पंचायत समितीचा. जंगल वनखात्याचं, जमिनीचा कागद तलाठ्याकडे. पेसाने आदिवासी गावाला बोलायला तोंड दिलं, हात मात्र दुसऱ्याचे ठेवले. तीस सह्यांचा ठराव घेऊन तालुक्याला खेटे घालणारी माणसं किनवटपासून नंदुरबारपर्यंत सगळीकडे दिसतात, ती याच कारणाने.

ही अडचण शहरातल्या वाचकाला परकी वाटू नये. छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली पावणेसहा वर्षं शहर प्रशासकाने चालवलं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी वॉर्डातल्या बाईने कोणाचं दार वाजवायचं, याला त्या काळात उत्तर नव्हतं. 2,740 कोटींवर गेलेल्या पाणीयोजनेचा जाब कोणी विचारला असेल तर तो उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने. लाखो शिकल्या-सवरल्या लोकांच्या शहराला पावणेसहा वर्षं जे सोसवेना, ते डोंगरातल्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत. त्यावर शहरात मोर्चा निघत नाही.

जगात याच दुखण्याचा सगळ्यात स्वच्छ दाखला अमेरिकेतल्या चेरोकी जमातीचा आहे. औट्रम धरणगावला पलटण उभारत होता त्याच सुमारास, 1827 मध्ये, जॉर्जियातल्या न्यू इकोटा गावी चेरोकींनी स्वतःचं लिखित संविधान मंजूर केलं आणि पुढच्या वर्षी जॉन रॉस यांना प्रिन्सिपल चीफ, म्हणजे मुखिया, म्हणून निवडलं. दहाच वर्षांत अमेरिकन सरकारने त्यांना हुसकावून पश्चिमेला हाकललं. 1838-39 च्या त्या वाटचालीत सुमारे चार हजार माणसं मेली, असा अंदाज दिला जातो. उरलेल्यांनी आजच्या ओक्लाहोमातल्या टालिक्वा इथे 1839 मध्ये पुन्हा संविधान लिहिलं, पुन्हा मुखिया निवडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांची सामायिक जमीन माणशी वाटून टाकली आणि 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. 1903 मध्ये निवडून आलेले डब्ल्यू. सी. रॉजर्स हे शेवटचे लोकनियुक्त मुखिया ठरले. 1917 मध्ये ते वारले. त्यानंतर मुखिया कोण, हे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवू लागला. त्यातही कळस असा की कित्येकदा मुखिया नेमला जायचा तो जमिनीच्या एखाद्या दस्तावर सही हवी म्हणून. सही झाली की पद संपलं. लोक त्यांना ‘एका दिवसाचा मुखिया’ म्हणत. 1949 मध्ये ट्रुमन यांनी डब्ल्यू. डब्ल्यू. कीलर यांना नेमलं. कीलर तेलकंपनीतले मोठे अधिकारी आणि जन्माने चेरोकीच. माणूस कर्तबगार होता, त्यांनी जमातीसाठी पुष्कळ केलं. पण त्यांना जाब विचारायचा तर तो वॉशिंग्टननेच. 1970 मध्ये कायदा बदलला आणि 1971 मध्ये चेरोकींनी मत दिलं. निवडून आले कीलरच. माणूस बदलला नव्हता, पण आता तो वीस वर्षं ज्यांचा मुखिया होता त्यांच्याकडे मत मागायला गेला होता.

निवडून येण्याने काय फरक पडतो, ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दिसलं. बेल नावाच्या खेड्यात बरीचशी वस्ती चेरोकी बोलणारी, आणि कित्येक घरांना नळ नव्हता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जमातीच्या कार्यालयात काम करणाऱ्या विल्मा मॅनकिलर तिथे गेल्या. जमात नळ आणि आखणी देईल, चर तुम्ही खणायचा, असं ठरलं. जवळपास पंचवीस किलोमीटरची जलवाहिनी गावकऱ्यांनी आपल्या हाताने टाकली. एकमेकांच्या कामाला असं धावून जाण्याला चेरोकी भाषेत गडूगी म्हणतात. मराठवाड्यातला शेतकरी त्याला इर्जिक म्हणेल, सावड म्हणेल. त्या कामाने मॅनकिलर यांचं नाव झालं. 1983 मध्ये त्या उपमुखिया झाल्या आणि 1985 मध्ये मुखियाची जागा रिकामी झाली तेव्हा त्या पदावर आल्या. पहिलीच बाई म्हणून विरोध झाला, गाडीची चाकं फोडली गेली. 1987 मध्ये त्या स्वतःच्या बळावर निवडून आल्या, आणि 1991 मध्ये तर ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी.

आज साडेचार लाखांहून अधिक चेरोकी नागरिक आपला मुखिया आणि उपमुखिया चार वर्षांसाठी थेट निवडतात. सलग दोनच कार्यकाळ. खजिनदार, महाधिवक्ता, मार्शल ही माणसं मुखिया सुचवतो, पण सतरा सदस्यांच्या परिषदेची संमती लागते. जमातीची न्यायालयं आहेत, रुग्णालयं आहेत. यातलं सगळंच गोड आहे असं नाही. 1997 मध्ये तिथे मुखिया जो बर्ड आणि जमातीचेच मार्शल यांच्यात असा झगडा पेटला की न्यायालयाच्या इमारतीच्या ताब्यावरून झटापटी झाल्या. 2007 मध्ये, चेरोकींनी पूर्वी गुलाम म्हणून बाळगलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं नागरिकत्व त्यांनी मतदानाने काढून घेतलं, हा तर डाग होता. पण बर्ड यांना 1999 मध्ये चेरोकी मतदारांनीच घरी बसवलं, आणि 2021 मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने ‘रक्ताने’ ही अट संविधानातून काढून टाकली. चूकही त्यांची, दुरुस्तीही त्यांची.

हे महाराष्ट्रात होणार नाही, आदिवासी गावांना हिशेब जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात जाऊन यावं. तिथे मेंढा हे शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्याच्याशी जोडलेली. पण तिथे कोणी एक पुढारी हुकूम सोडत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. आधी इथला बांबू कागद कारखान्यासाठी तुटायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली डिसेंबर 2009 मध्ये ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलाच्या खणात. जंगल गावाचं, बांबू गावाचा, सही साहेबाची.

27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते, आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. दिसायला साधं पावतीपुस्तक: किती बांबू, कुठल्या गाडीने, कुठे चालला आणि खाली सही. पण राज्यकारभार म्हणजे काय, हे त्या एका पुस्तकाइतकं नेमकं दुसरं काही सांगू शकत नाही. सही करणारा हात गावातला झाला. ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली, बँकेत खातं आणि पॅनकार्ड काढलं, मजुरी चुकती केली, पुढच्या वर्षी कुठला भाग तोडायचा नाही हे स्वतः ठरवलं. गावाच्या व्यवहारात त्यापूर्वी कधी न दिसलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात आली. हिशेब शिकवून येत नाही, तो हातात पैसा आला की येतो. चुकला तर शेजारीच विचारतो.

मेंढा सगळ्यांना जमणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तीस वर्षांचा अभ्यास आणि चर्चा त्यामागे आहे. शिवाय शंभर घरांच्या गावात एकमताने चालतं ते एका तालुक्याला चालणार नाही. तिथे पद हवं, मुदत हवी, निवडणूक हवी, आणि कारभाऱ्याला पायउतार करण्याची वाटही हवी. म्हणूनच पेसा कायद्याच्या कलम 4 मधलं एक पोटकलम फार महत्त्वाचं आहे. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा पातळीची पंचायत रचताना राज्याने सहाव्या अनुसूचीचा नमुना अनुसरण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सहावी अनुसूची म्हणजे मेघालय, मिझोराम, आसाम, त्रिपुरातल्या स्वायत्त जिल्हा परिषदा. तिथे निवडलेले सदस्य असतात, त्यांच्यातून मुख्य कार्यकारी सदस्य आणि त्याची कार्यकारी समिती. म्हणजे चेरोकींकडे जे आहे त्याची भारतीय घडण आपल्याच संविधानात आहे. 1996 पासून आजवर महाराष्ट्रातल्या एकाही सरकारने, मग ते कोणत्याही पक्षाचं असो, नंदुरबारला किंवा गडचिरोलीला असं काही उभं केलेलं नाही. आदिवासी सल्लागार परिषद आहे, तिच्यात आदिवासी आमदार आहेत, पण नावाप्रमाणे ती सल्ला देते आणि तिच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री असतात.

नंदुरबार जिल्हा परिषदेत आदिवासी अध्यक्ष असतो, मग आणखी काय हवं, असं विचारलं जातं. अध्यक्ष असतो, पण जिल्हा परिषदेचा गाडा हाकतो मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. वनखातं, महसूल, आश्रमशाळा यांपैकी काहीही अध्यक्षाच्या हाती नाही. सरपंच थेट निवडावा की सदस्यांनी, यावर महाराष्ट्राने 2017, 2020 आणि 2022 मध्ये तीनदा कायदा फिरवला. एवढी उलथापालथ करायची तयारी असेल तर एका जिल्ह्यात कार्यकारी समितीसह स्वायत्त परिषद करून पाहायला कोणाची हरकत आहे?

कन्नड-सोयगावला तर त्यासाठी थांबायचीही गरज नाही. पेसा तिथे लागू नाही, पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. तो अभयारण्यालाही लागू आहे, म्हणजे गौताळ्यालाही. ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, सामूहिक दावा तयार करायचा, तो उपविभागीय समितीकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. हक्क मिळाला की जंगल राखायला ग्रामसभा आपली समिती निवडू शकते, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्याच समितीचा आहे. मेंढ्याला ज्या पुस्तकासाठी मंत्री यावा लागला, ते आता नियमातच आहे. दावे भरून घेण्यासाठी वस्त्यांवर माणूस पाठवणं, नकाशे देणं, जुने दाखले शोधून देणं, हे काम प्रकल्प कार्यालयाने या उन्हाळ्यातच हाती घेतलं पाहिजे. म्हणजे औट्रम घाटाच्या माथ्यावरच्या वस्तीतून मोहाची, डिंकाची, टेंभुर्णीच्या पानांची पहिली गाडी निघेल तेव्हा परवान्यावर सही असेल ती वस्तीने निवडलेल्या बाईची किंवा बाप्याची.